पडक्या चर्चचे राखणदार

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की अंबरनाथ-बदलापूरच्या श्रोत्यांसमोर पडक्या चर्चबद्दल काय बोलणार? आपल्या दारात शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिवमंदिर उभं आहे. ते सोडून वसईला कशाला जायचं? प्रश्न बरोबर आहे. आम्ही मंदिराकडे येणारच आहोत. पण काही गोष्टी आपल्या दारातल्या असल्या की दिसत नाहीत, आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन आल्यावर दिसायला लागतात. म्हणून आधी वसई.

एक खुलासा सुरुवातीलाच करून टाकू. ‘मध्ययुगीन चर्च’ म्हटलं की युरोपातले अभ्यासक बारावं-तेरावं शतक धरतात. वसईची चर्चेस सोळाव्या शतकातली. युरोपच्या हिशोबात हा काळ मध्ययुगाच्या पुढचा आहे, आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो मध्ययुगीनच आहे. दुसऱ्याच्या कालगणनेत स्वतःला बसवायची आम्हाला घाई नाही, तेव्हा मध्ययुगीन म्हणू आणि पुढे जाऊ.

आमचा मुद्दा एका शब्दापासून सुरू होतो. जुन्या वास्तूचं काय करायचं, याला मराठीत आपल्याकडे एक मोठा तोलामोलाचा शब्द आहे: जीर्णोद्धार. जे जीर्ण झालं त्याला वर उचलायचं, पुन्हा उभं करायचं. हे पुण्यकर्म मानलं गेलं. अहिल्याबाई होळकरांचं नाव आपण आदराने घेतो ते बऱ्याच अंशी यासाठीच. आणि त्यामागचा विचार अगदी सरळ आहे. देव आत राहतो. देवाचं घर गळत असेल तर ते दुरुस्त करायचं, पडलं असेल तर नवं बांधायचं. घरमालक हयात असताना घर ‘अवशेष’ म्हणून जपणं हा वेडेपणाच ठरेल. जीर्णोद्धाराला नावं ठेवणारे पुष्कळ वास्तुप्रेमी हा मुद्दा विसरतात. गावोगावी जुन्या दगडी देवळांना ऑइलपेंट फासलेला दिसतो, फरशी बसवलेली दिसते, वर सिमेंटचं शिखर चढवलेलं दिसतं. त्याने आमच्याही डोळ्यांना त्रास होतो. पण ते करणारा गावकरी बेफिकीर नसतो. तो त्याच्या समजुतीप्रमाणे घर सांभाळतच असतो.

अडचण येते ती, आत देवच नाही अशा वास्तूपुढे. तिथे जीर्णोद्धार कशाचा करणार? पोर्तुगीज गेले, पाद्री गेले, मूर्ती गेल्या, छप्पर गेलं. उरल्या भिंती. त्या पुन्हा उभारायला कोणी येणार नाही, आणि येऊही नये. मग त्यांच्याशी आपलं नातं कोणतं?

इथे दुसरा एक मराठी शब्द कामाला येतो. तो साधा आहे, शेतातला आहे: राखण. शेताच्या राखणीला बसलेला माणूस पीक पेरत नाही आणि कापतही नाही. पुष्कळदा शेत त्याचं नसतंच. तो माळ्यावर बसतो, गोफण फिरवतो, रात्री जागा राहतो. कोकणात तर गावच्या सीमेवरच्या देवाला राखणदार म्हणतात, आणि त्याचा मान वर्षाच्या वर्षाला दिला की तो बाकी काही मागत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. राखणदाराची लागत नाही. आज जे बोलायचं आहे ते या दोन शब्दांमधल्या फरकाबद्दल.

आता वसई. अंबरनाथहून जायचं तर सोपं आहे. धीम्या लोकलने दिव्याला उतरायचं आणि दिवा-वसई गाडी पकडायची. भिवंडी रोड, कामण रोड करत ती खाडीच्या कडेने वसई रोडला नेते. गाड्या कमी, वेळापत्रक पाहूनच निघावं. पुढे वसई गावापर्यंत बस किंवा रिक्षा. आम्ही काही निवृत्त मंडळी आणि दोन-तीन तरुण विद्यार्थी असे गेलो होतो, पावसाळा नुकताच संपला होता. दिवाळीच्या आधी हा किल्ला पाहणं म्हणजे गवतातून वाट काढणं. दगड शोधावे लागतात.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत एक अख्खं शहर नांदलं. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा प्रत्येक संघाचं स्वतःचं चर्च, शिवाय संत जोसेफचं मुख्य चर्च. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. त्या मोहिमेची किंमत मराठ्यांनी किती माणसं गमावून मोजली हे आपल्याकडे पाठ असलेल्यांना सांगायला नको. त्यानंतर शहर हळूहळू ओस पडलं. छपरं आधी गेली, भिंती राहिल्या. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे, आत गोल जिना आहे. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग तर असा, की मागे काही नाही हे कळायला क्षणभर वेळ लागतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. त्यांवरून लोक चालतात, कारण तिथे दुसरी जमीनच नाही.

या सगळ्याला आज सांभाळतो कोण? कायद्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. पण कायद्याने सांभाळणं वेगळं आणि पावसाळ्यानंतर कोयता घेऊन गवत कापणं वेगळं. ते काम पुष्कळ अंशी स्थानिक दुर्गप्रेमींनी अंगावर घेतलेलं आहे. ‘किल्ले वसई मोहीम’ या मंडळींचं नाव त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. साफसफाई करायची, आलेल्यांना फिरवून माहिती द्यायची, नासधूस करणाऱ्यांना हटकायचं, हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. आम्ही गेलो त्या रविवारी एका चर्चच्या आत सात-आठ मुलं काम करताना भेटली. कुणी नोकरीला, कुणी कॉलेजात. हातमोजे, कोयते, पोती. आमच्यातल्या एकाने नको तो प्रश्न विचारलाच: “बाळांनो, चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या किल्ल्यात तुम्ही फिरंग्यांचं देऊळ का झाडताय?”

हा प्रश्न खवचट होता, पण उडवून लावण्यासारखा नव्हता. उत्तर कोकणात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली हा इतिहास आहे. बोरिवलीचं मंडपेश्वर पाहा. शैव लेण्याचं त्यांनी चर्च केलं आणि वर मठ बांधला. ही जखम कल्पित नाही. मग ज्याच्या पूर्वजांचं देऊळ पाडलं गेलं, त्याच्या वंशजाने पाडणाऱ्याच्या चर्चमधलं गवत का काढावं?

मुलांनी दिलेलं उत्तर आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. एक म्हणाला, किल्ला आपला आहे, म्हणून त्यातलं सगळं आपलं. दुसरा म्हणाला, हे चर्च आहे म्हणून तर कळतं की आप्पांनी केवढं शहर घेतलं. तिसरा, जो बराच वेळ गप्प होता आणि वयाने थोडा मोठा होता, तो उत्तर न देता आम्हाला एका शिळेजवळ घेऊन गेला. शिळेवर कोण्या बाईचं नाव होतं. त्याला पोर्तुगीज येत नाही. पण ‘इथे पुरलं आहे’ याला कोणता शब्द, ‘पत्नी’ला कोणता, ‘वारस’ला कोणता, हे त्याने शोधून ठेवलं होतं. “ही शिळा दरवर्षी मीच साफ करतो,” एवढंच म्हणाला.

ही तीन उत्तरं आम्हाला तीन तत्त्वज्ञानांसारखी वाटली. आणि इथे थोडी टीका करायला हवी, कारण स्वयंसेवकांचं नुसतं कौतुक करून घरी जाणं सोपं असतं. पहिलं उत्तर मालकीचं आहे. दुसरं विजयचिन्हाचं. विजयचिन्ह म्हणून जपलेली वस्तू विजयापुरतीच जपली जाते. ज्या बुरुजाला १७३९ ची गोष्ट आहे तो आधी झाडला जाईल, ज्या थडग्याला ती नाही ते शेवटी, किंवा कधीच नाही. हेतू चांगला की वाईट, हा नीतिशास्त्रातला प्रश्न इथे हवेत राहत नाही. कुठलं गवत निघणार आणि कुठलं राहणार, हे हेतू ठरवतो. कर्माचं मूल्य हेतूवर, असं कांट म्हणतो तेव्हा आम्ही वर्गात कोरडी उदाहरणं द्यायचो, दुकानदार आणि सुटे पैसे वगैरे. वसईच्या गवताचं उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर बरं झालं असतं.

पण तिसऱ्याचं काय? तोही कधीतरी पहिल्या किंवा दुसऱ्या उत्तरानेच आला असणार. किल्ल्यांवर जाणारी बहुतेक मुलं महाराजांच्या आणि पेशव्यांच्या प्रेमाने जातात, त्यात गैर काही नाही. पण वर्षानुवर्षं एकच शिळा पुसताना त्याच्या हातांना काहीतरी कळलं, जे त्याच्या घोषणांना ठाऊक नव्हतं. हेतू आधी आणि कर्म नंतर, असा क्रम तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत असतो. इथे कर्माने हेतू बदलला. गीतेतल्या निष्काम कर्माबद्दल आम्ही आयुष्यभर बोललो. त्यात एक शंका विद्यार्थी नेहमी काढायचे, की फळाची इच्छा सोडायची तर काम सुरूच कशाला करायचं? याला शाब्दिक उत्तरं पुष्कळ आहेत. आम्हाला आता वाटतं, की इच्छा सोडून कोणी सुरुवात करतच नाही. इच्छेनेच सुरुवात होते आणि काम तिला झिजवतं. चर्च झाडणाऱ्या हिंदू मुलाला पुण्य मिळण्याची सोय नाही, पूर्वजांचं ऋण फेडल्याचं समाधान नाही. उरतात फोटो. फोटोंचा उत्साह दोन-तीन वर्षांत संपतो. त्यानंतर जे येत राहतात ते राखणदार.

आता कोणी म्हणेल, की वसईत ख्रिस्ती समाज आहे ना, मग चर्चचे खरे वारस तेच. हेही वाटतं तितकं सरळ नाही. वसईचे ख्रिस्ती बांधव मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात, बागायती करतात. त्यांची चर्चेस तटाबाहेर गावोगाव आहेत आणि भरलेली असतात. किल्ल्याशी त्यांचं नातं आहेच. वसईत जन्मलेले आणि १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद मिळालं, आणि त्यांच्या सणाला भाविक आजही किल्ल्यात जमतात. पण तटाच्या आतलं शहर मुख्यतः पोर्तुगीज सरदार-सावकारांचं होतं. शिळांखाली झोपलेली माणसं ती आहेत. केळीच्या बागेतला वसईकर ख्रिस्ती शेतकरी हा त्या सरदारांचा वंशज नव्हे. धर्म एक असला तरी शासक आणि शासित हे अंतर होतंच. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर या थडग्यांना वारस नाही. आणि बेवारस गोष्टीचा सांभाळ हा कुठल्याही समाजाच्या सभ्यतेचा कठीण पेपर असतो. स्वतःच्या आजोबांचा फोटो पुसायला कोणालाही येतं.

इंग्लंडमध्ये १९५७ साली आयव्हर बल्मर-थॉमस या गृहस्थांनी एक संस्था काढली. तिचं नाव आम्हाला फार आवडतं: फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस, म्हणजे ज्या चर्चना कोणी मित्र उरला नाही त्यांचे मित्र. गाव उठून गेलं, भाविक राहिले नाहीत, अशी इंग्लंड-वेल्समधली साठाहून अधिक चर्चेस आज ही संस्था सांभाळते. ती पुन्हा भरावीत असा तिचा अट्टाहास नाही. पडू नयेत, एवढंच. पण तिथे आणि इथे एक मोठा फरक आहे. तिथे आपल्याच लोकांनी सोडलेलं चर्च आपलेच लोक सांभाळतात. वसईतला मित्र परका आहे. म्हणून त्याच्या मैत्रीची किंमत आम्ही जास्त लावतो.

युरोपचा विषय निघालाच आहे, तर भग्न वास्तूंबद्दलच्या त्यांच्या विचारावरही दोन शब्द. १८४९ मध्ये जॉन रस्किनने ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ लिहिलं आणि जुनी इमारत ‘पूर्ववत’ करण्याला जवळजवळ खोटेपणा ठरवलं. वास्तू तिच्या बांधणाऱ्यांची आणि पुढच्या पिढ्यांची, मधल्या आपली नव्हेच, असा त्याचा रोख. १९०३ मध्ये व्हिएन्नाच्या आलोइस रीगलने आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्मारकाला एक ‘वयमूल्य’ असतं, असं तो म्हणाला. इतिहास ठाऊक नसलेल्या माणसालाही झिजलेल्या दगडाकडे पाहून काळ जाणवतो, तेच ते मूल्य. विचार सुंदर आहे. पण त्याचा तर्क शेवटपर्यंत नेला तर वास्तूला हातच लावायला नको. तिला तिच्या गतीने झिजू द्यावं.

आम्ही हे विद्यार्थ्यांना कौतुकाने शिकवलं आहे. पण दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या कोकणात उभं राहून रीगल वाचावा, म्हणजे तो कुठे तोकडा पडतो ते कळतं. तिकडे दगड हळूहळू शेवाळतो, झिजतो, आणि माणूस त्याच्यापुढे विचार करत बसतो. इकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंतीचं रान होतं. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी चुन्याच्या सांध्यात पडतं, दुसऱ्या वर्षी मूळ आत शिरतं, आणि पुढे पाच-दहा वर्षांत तेच मूळ दगड फोडून बाहेर काढतं. इथे ‘हात लावू नका’ म्हणणं म्हणजे ‘पडू द्या’ म्हणणं. आपल्या हवामानात भग्नतासुद्धा टिकवावी लागते. काहीच न करणं हा पर्याय आपल्याला उपलब्धच नाही, आणि म्हणून इकडच्या राखणदाराचं काम तिकडच्यापेक्षा वेगळं आहे.

पिंपळाचीच गोष्ट सांगतो. त्या दिवशी एका मुलाला भिंतीत वीतभर वाढलेलं पिंपळाचं रोप दिसलं आणि तो थांबला. पिंपळ तोडू नये, हे त्याला आजीने शिकवलेलं. चर्चच्या भिंतीत उगवला म्हणून पिंपळ काही ख्रिस्ती होत नाही! बरोबरचे हसले, पण कोणी त्याची टिंगल केली नाही. त्यांच्यात एक रीत पडून गेली आहे. रोप कोवळं असेल, नुसतं मातीत असेल, तर अलगद काढून पिशवीत घालायचं आणि बाहेर मोकळ्या जागी लावायचं. मूळ सांध्यात गेलं असेल तर उपटायचं नाही, वरून कापायचं आणि खात्याला कळवायचं. उपटलं तर दगडही सैल होतो. पाहा, यात दोन शास्त्रं एकत्र आली आहेत, आजीचं आणि वास्तुसंवर्धनाचं, आणि दोन्ही सांगतात: ओढू नका.

इथे उत्साही मंडळींना एक सूचना करायला हवी, कारण या व्याख्यानांना पडद्यापलीकडे तरुण श्रोते पुष्कळ आहेत. संरक्षित स्मारकात गवत, कचरा, प्लास्टिक काढणं वेगळं आणि डागडुजी वेगळी. परवानगीशिवाय डागडुजीला हात लावायचा नाही, हा कायदा आहे आणि तो शहाणपणाचा आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार साचतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटतो. तारेच्या ब्रशने घासलेलं अक्षर पुन्हा येत नाही. अक्षर नीट दिसावं म्हणून त्यात खडू किंवा रंग भरणं तर सर्रास चालतं. रंग भरणारा त्याला दिसलं ते अक्षर भरतो, आणि पुढे येणारा अभ्यासक दगड न वाचता त्या माणसाचा अंदाज वाचतो.

अक्षर वाचण्यावरून आठवलं. वसईच्या त्या शिळा व्यवस्थित उतरवून घेऊन छापल्या कोणी? डॉ. जुझे गेर्सन द कुन्य यांनी. चौल आणि वसईच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १८७६ साली आलं. गोव्याचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे. आणि आपल्या अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख वाचायचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न कोणाचा? डॉ. भाऊ दाजी लाड यांचा. तेही मूळचे गोव्याकडचे, तेही मुंबईतले डॉक्टर. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघे रोगी तपासून उरलेल्या वेळात दगड तपासत होते. त्यांना कोणी पगार देत नव्हतं. ‘स्वयंसेवक’ हा शब्द तेव्हा रूढ नसेल, पण माणसं तीच. भाऊ दाजींनी अंबरनाथच्या लेखातलं वर्ष शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते ९८२ असल्याचं दाखवलं. एका आकड्यात दोनशे वर्षांचा फरक! तरी भाऊ दाजींचं काम वाया गेलं नाही, कारण त्यांनी दगडावर काही केलं नव्हतं. दगड जसाच्या तसा होता, म्हणून दुसऱ्याला पुन्हा वाचता आला. मघाशी खडूबद्दल बोललो ते यासाठीच.

अंधेरीचं उदाहरण झटकन सांगतो, कारण ते वसईच्या अगदी उलट आहे. मरोळजवळ संत जॉन बाप्तिस्त यांचं चर्च, १५७९ सालचं, जेझुइटांनी बांधलेलं. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे गाव हललं, चर्च सोडलं गेलं, आतल्या पवित्र वस्तू मरोळच्या नव्या चर्चमध्ये गेल्या. पुढे १९७३ मध्ये ती जमीन सीप्झच्या कुंपणात आली. आज कारखाने आणि संगणक कंपन्यांच्या मधोमध, झाडीत, त्या भिंती उभ्या आहेत. इथे वारस अगदी ठाऊक आहेत. मरोळचे ईस्ट इंडियन लोक, घरात मराठीचीच बोली बोलणारे, याच मातीतले. पण मध्ये फाटक आहे आणि फाटकावर पास लागतो. मे महिन्यात सणाच्या दिवशी ते तिथे मिस्सा करतात. वर्षातून एकदा आपल्याच देवळात पाहुणे म्हणून जायचं, ही काय अवस्था असेल! उल्हासनगरचे जे ज्येष्ठ श्रोते इथे आहेत त्यांना ती आम्ही समजावून सांगायची गरज नाही. सक्करला सिंधूच्या पात्रात साधबेलोचं तीर्थ आहे, तिकडे राहिलेली हिंदू मंडळी ते सांभाळतात. इकडच्यांना तिथे पोचायचं तर व्हिसा लागतो. कोणाच्या तरी दाराशी दुसरा कोणी दिवा लावतो, असं हे सगळीकडे आहे.

तर आता अंबरनाथ.

आपल्या मंदिराला वारस कमी नाहीत. महाशिवरात्रीला रांग स्टेशनच्या दिशेने कुठपर्यंत जाते ते आपण पाहतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षण आहे. कायद्याप्रमाणे शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. परिसराच्या सुशोभीकरणाची कामंही निघाली. म्हणजे पैसा आहे, भक्ती आहे, कायदा आहे. तरीही आम्हाला विचारायचं आहे, की राखण आहे का? मंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीकडे पाहा. शिलाहार राजांच्या कारागिरांनी ही जागा निवडली ती पाण्याकाठची म्हणून. आज त्या पाण्याचा वास गाभाऱ्याच्या उदबत्तीवर मात करतो. मंदिर सुशोभित करायचं आणि नदी कारखान्यांना द्यायची, याला आम्ही वास्तूचा सांभाळ म्हणू शकत नाही. ‘सुशोभीकरण’ हा शब्दच तपासून घ्यावा. त्यात गृहीत धरलेलं आहे की शोभा कमी आहे. ज्या भिंतीवर एक इंच रिकामा नाही, जिथे भूमिज पद्धतीच्या शिखराच्या रेघा न् रेघा कारागिराने मोजून चढवल्या आहेत, तिथे शोभा कमी आहे असं कोणाला वाटावं?

या मंदिराचा पेच वसईपेक्षा अवघड आहे, हे मात्र मान्य करायला हवं. वसईत देव नाही, म्हणून निर्णय सोपा. इथे देव आहे आणि त्याचं घर अर्धं भग्न आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर पाहावं: छप्पर नाही, आकाश आहे. शिखराचा वरचा भाग आज नाही. भक्ताच्या दृष्टीने जीर्णोद्धार करायला हवा, अभ्यासकाच्या दृष्टीने एक दगडही चढवायला नको. कोणाचं ऐकायचं?

आम्हाला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर इथल्या लोकांनी फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आठवा. पांडवांनी वनवासात एका रात्रीत हे देऊळ बांधायला घेतलं, पहाट झाली आणि काम तसंच राहिलं. इतिहासकार हसतात, कारण शिलालेखात राजा मुम्मुणीचं नाव आहे, पांडवांचं नाही. हसू द्या. पण गोष्ट काय काम करते ते पाहा. मंदिराच्या अपुरेपणाला ती अर्थ देते. पहाट झाली म्हणून राहिलं. आता कोणी वर सिमेंटचं शिखर चढवलं, तर ती पहाटच पुसली जाईल. कुठल्याही कायद्याने, कुठल्याही फलकाने जे साधलं नसतं ते या गोष्टीने पिढ्यान् पिढ्या साधलं: मंदिर पुरं करायची घाई कोणाला झाली नाही. रस्किनला ग्रंथ लिहावा लागला, आपल्याकडे आज्यांनी एक गोष्ट सांगितली. जीर्णोद्धाराच्या परंपरेतच राखणीची ही दुसरी परंपरा मुरलेली होती आणि आपण तिला भाकडकथा म्हणून बाजूला टाकलं.

शेवटी एक काम सुचवतो. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची मंडळी इथे आली होती. त्यांनी मंदिराचे आराखडे काढले, कोरीव कामाचे साचे घेतले. जवळजवळ एकशे साठ वर्षांपूर्वीच्या भिंतीची ती साक्ष आहे. त्यातलं जे छापलं गेलं आहे ते ग्रंथालयांतून मिळवता येतं. ते समोर ठेवून आजच्या भिंतीशी एकेक चौरस फूट ताडून पाहायचं: कुठला हात तेव्हा होता आणि आज नाही, कुठला चेहरा झिजला, कुठल्या सांध्यात हिरवं दिसतंय. दगडाला हात लावायचा नाही. डोळे, वही, साधा कॅमेरा, आणि खात्याला द्यायची एक नीट नोंद. इतिहासाची पदवी लागत नाही. आमच्या वयाची माणसं सावलीत खुर्ची टाकूनही हे करू शकतील. सुरुवात उत्तरेच्या दरवाजाकडून करावी, शिलालेख तिथेच आहे आणि सकाळी तिथे गर्दी कमी असते. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यानानंतर नावं द्यावीत. सोमवार मात्र टाळू. सोमवारी देवाकडे लोक येतात, आपण वाटेत उभं राहायला नको.